पाण्याजवळ हात सोडायचा नाही

५ मार्च, बुऱ्हाणपूर

प्रतिभा हो म्हणाली — पण अटीवर. "आबा सोबत जातील. आणि पाण्याजवळ तुझा हात सोडणार नाहीत." बोलली अमृताशी, बघत होती माझ्याकडे. मी मान डोलावली.

माझ्या मुलाला, योगेंद्रला, तापीच्या पुराने नेलं तेव्हापासून सून पुलावरून जाताना डोळे मिटून घेते. तिने पोरीला बेटावर धाडायचं कबूल केलं, हेच खूप. तिला वाटतं, गाण्यांचा मेळा आहे. तो आहेच. पण दिवसा फळीवर उभं राहून लाटांवरून घसरायचं असतं — सर्फिंग — ते नातीने सांगितलं नाही. मीही नाही.

९ मार्च, अंदमान

समुद्र पाहिला. या वयात, पहिल्यांदा! शाळेच्या पुस्तकात तो दोन कडव्यांचा होता. गुरुजी छडीने ताल धरायचे. तिथे गर्जायचा. इथला भांडी घासल्यासारखा खळखळतो आणि थांबत म्हणून नाही.

संध्याकाळी वाळूत गाणी. ढोल थेट छातीत वाजतो. पोरं म्हणतात, "दादाजी, आप भी आओ." गेलो. अमृताचं मनगट धरूनच बसलो.

"आबा, ही तर अजून वाळू आहे," म्हणाली.

१० मार्च

तिने फळी आणली. मी नाही म्हटलं.

"थोडंसंच, आबा. कमरेइतकं पाणी. शिकवणारी दीदी आहे ना सोबत."

नाही.

"तुम्ही नव्हते का जात तापीत? केळीचे खांब बांधून, पालथे पडून?"

मीच सांगितलंय, शंभरदा. सदऱ्याला केळीचा चीक लागायचा, तो डाग जात नसे, आई डागावरून ओळखून बडवायची. लहानपणी ही गोष्ट ऐकल्याशिवाय पोरगी घास घेत नव्हती.

दिवसभर फळीला टेकून बसली.

११ मार्च

सोडला.

कसा, ठाऊक नाही. ती ओढत नव्हती. नुसती लाटांकडे बघत उभी होती, योगेंद्रसारखी मान तिरकी करून. माझीच बोटं सैल झाली.

पडली. फळी वर आली, पोरगी नाही. पाठ असलेल्या साऱ्या कविता डोक्यातून पुसून गेल्या. मग काळं डोकं दिसलं — खोकत होती, हसत होती. परत चढली. दुपारी एकदा उभी राहिली. वाकडी, हात पसरून, पण उभी.

तेवढ्यात फोन. "आबा, हात धरलाय ना तिचा?"

"हो," म्हणालो.

१२ मार्च

शेवटचा दिवस. सगळे नाचले. मला एकही गाणं ऐकू आलं नाही.

अमृता म्हणते, "मी बोलते ना आईशी. टेन्शन नका घेऊ." नको म्हटलं. खोटं मी बोललो.

१६ मार्च, बुऱ्हाणपूर

जेवायला बसलो आणि प्रतिभाला पोरीचा सोलवटलेला गुडघा दिसला. "कशाने?" अमृता माझ्याकडे बघू लागली. मी सांगितलं. सगळं, फोनवरचंसुद्धा.

प्रतिभाने माझ्या ताटात पोळी वाढली. "तुमच्या शब्दावर पाठवलं होतं, आबा."

१८ मार्च

प्रतिभा चहा ठेवते, जाते. अमृता उद्या इंदूरला, कामावर. मग घरात मी आणि प्रतिभाचं गप्प राहणं.

संध्याकाळी स्वयंपाकघरातून मायलेकींचं कानावर आलं.

"पडलीस तेव्हा डोळे उघडे होते?"

"हो."

"काय दिसलं?"

"हिरवं. सगळं हिरवंच, आई."

मग नळ सुरू झाला.

१९ मार्च

सकाळी प्रतिभा घरात नाही, दारात चप्पल नाही. अमृता आणि मी तापीच्या राजघाटाकडे धावत सुटलो. खालच्या पायरीवर उभी होती — पाणी घोट्याच्या वर, डोळे सताड उघडे. मी धापा टाकत हात पुढे केला.

"नका धरू, आबा," म्हणाली. "बघू द्या."