दोष क्रमांक सतरा

मंगळवार, ९ ऑक्टोबर
दुपार

प्रिय ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र तसंच बाजूला ठेवू नकोस. घरी सगळे ठणठणीत आहेत. आई दोन मजले चढून येते आणि वर मलाच विचारते, "तुला धाप लागली का गं?" चष्म्याची भिंगं घासून तुझी बोटं सोलवटली आहेत, असं तिच्याकडून कळलं. जप जरा.

आता ऐक. ताई, ते दंव होतं!

सगळं क्रमाने सांगते, नाहीतर म्हणशील, हिची गोष्ट नेहमी शेपटापासून सुरू होते.

आपल्या यानाने त्या ग्रहावर उतरून पाठवलेली सगळी छायाचित्रं आता सगळ्यांसाठी खुली करायची आहेत. त्याआधी संग्रहातल्या ज्ञात दोषांची यादी तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कुठल्या चित्रात रेघा आल्या, कुठलं अर्धंच पोचलं, कुठल्यावर भलताच दिवस पडला, असली ती कंटाळवाणी यादी. त्यात दोष क्रमांक नऊ असा आहे: 'उजव्या कॅमेऱ्याची सर्व एकेचाळीस चित्रे आतल्या आरशामुळे उलटी आली, डावे-उजवे बदलून सरळ केली आहेत. तारखा शाबूत, वेळेच्या नोंदी नष्ट. सावल्यांवरून वेळ संध्याकाळची ठरवली.' आणि सतरा तर तुला पाठच असेल: 'मोठ्या दगडामागे पांढरा डाग. कॅमेऱ्याचा बिघाड. दुर्लक्ष करावे.'

काल उजव्या कॅमेऱ्याचं, तो डाग असलेलं एक चित्र सहज उजळवून बघत होते. यानाचा पाय एरवी काळ्याकुट्ट सावलीत असतो ना, त्याच्यावर रंगवलेला आकडा वर आला. सात. पण आरशात दिसावा तसा, तोंड फिरवलेला!

मी खुर्चीतून उठलेच. आकडा उलटा म्हणजे अख्खं चित्रच उलटं. यंत्र ती चित्रं आधीच सरळ करून पाठवत होतं आणि आपल्या शहाण्यांनी ती पुन्हा 'सरळ' केली होती! मी चित्र फिरवलं. सावल्या या बाजूच्या त्या बाजूला गेल्या. एकोणीस वर्षं सगळे जिला संध्याकाळ म्हणत आले, ती सकाळ होती, ताई. सकाळ!

मग मला कुठला दम? एकेचाळीसच्या एकेचाळीस फिरवली आणि एकेका दिवसाची, लांब सावलीपासून आखूड सावलीपर्यंत, ओळीने लावली. रोज पहाटे दगडामागे पांढरं. ऊन चढेल तसं कडेकडेने आटत जातं, आणि शेवटच्या चित्रात नुसती तपकिरी माती. सातही दिवस तेच. कॅमेऱ्याचा बिघाड कधी उन्हाने विरघळतो का? शेजारच्या टेबलावरची माझी सहकारी मुळात कमी बोलते. तिने ती रांग पाहिली आणि म्हणाली, "अगं बाई." दहा मिनिटांनी पुन्हा येऊन म्हणाली, "अगं बाई!"

एकोणीस वर्षांपूर्वी, आपण दोघी इथे कामाला असताना, तू बैठकीत उभी राहून 'हे दंव आहे' असंच म्हणाली होतीस. आपले तेव्हाचे साहेब हसले होते, "संध्याकाळी कसलं दंव? कॅमेऱ्याला मोतीबिंदू झालाय." मग सगळेच हसले. दुसऱ्या दिवसापासून लोक तुला 'दंवबाई' म्हणायला लागले, आणि तीन महिन्यांत तू नोकरी सोडलीस.

तू बरोबर होतीस. शंभर टक्के.

बुधवार, दुपार

काल पत्र इथवर लिहिलं, पाकीटही चिकटवलं. आज उठल्या उठल्या ते फोडलं. आनंद खरा आहे, पण पत्र अर्धंच होतं.

दोष क्रमांक सतरा माझ्या हातचा आहे, हे तुला माहीत आहे. साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं, असं तू धरून चाललीस. त्याबद्दल रागावलीस, आणि आईच्या आजारपणात इस्पितळात भेटलो तेवढं सोडलं तर बोलली नाहीस. पण तुला माहीत आहे त्यापेक्षा हे वाईट आहे.

बैठकीच्या आदल्या दिवशी तू मला जिन्यात गाठून विचारलं होतंस, "डाव्या कॅमेऱ्यात तो दगड कुठे आलाय का? एक जरी चित्र असलं तरी पुरे." मी म्हटलं, "नाही."

होतं, ताई. एक होतं. डावा कॅमेरा एकदाच त्या बाजूला वळला होता. तोच दगड, तेच पांढरं. दोन्ही कॅमेऱ्यांना एकाच जागी बिघाड होत नसतो, हे कळण्याइतकी अक्कल मला होती. पण साहेबांनी सकाळीच बोलावून सांगितलं होतं, "तुला कायम करण्याचा कागद माझ्या टेबलावर आहे. उगाच बहिणीच्या नादी लागू नकोस." मी ते चित्र 'अस्पष्ट, निरुपयोगी' या गठ्ठ्यात टाकलं. आठवड्याभरात कायम झाले. त्याच नोकरीवर घर घेतलं, आईला इथे आणलं. तू पैसे पाठवलेस ते मी तोऱ्यात परत केले.

कितीतरी वेळा ते चित्र काढून बघितलं आणि परत ठेवलं. आकडा उलटा दिसला नसता तर अजूनही ठेवलंच असतं, हेही कबूल करते.

आज दहा वाजता संचालक बाईंकडे गेले. रांग दाखवली तेव्हा त्या टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. मग मी डाव्या कॅमेऱ्याचं चित्र पुढे केलं आणि सगळं सांगितलं.

"दुरुस्तीत 'नजरचूक' लिहू," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी कशाला स्वतःला उघडं पाडतेस? चौकशी लागेल."

"नजर चुकली नव्हती, बाई," मी म्हटलं. "मी चुकवली होती."

चौकशी लागली आहे. यादीचं काम आजपासून शेजारच्या टेबलावर गेलं. पण ते हातून जाण्यापूर्वी दुरुस्तीचा मजकूर मीच लिहिला, आणि बाईंनी एक शब्द न बदलता सही केली. सोमवारी तो संग्रहाबरोबर सगळ्यांसमोर जाईल: दोष सतरा रद्द, तो डाग दंवाचा आहे, हे सर्वप्रथम कुणी ओळखलं, तिथे तुझं पूर्ण नाव, आणि पुरावा कुणी दडवला, तिथे माझं. तुला न विचारता तुझं नाव घातलंय. नको असेल तर शुक्रवारपर्यंत आईला फोन करून कळव, काढायला सांगेन. माझं मात्र राहील.

सोबत ती एकेचाळीस चित्रं आणि डाव्या कॅमेऱ्याचं ते एक, छापून आजच्याच कुरिअरने पाठवतेय. आधी नुसती चित्रं बघ. इतकी सुंदर सकाळ आहे गं ती! तुझ्याखेरीज ती कुणालाच दिसली नव्हती. माझ्याकडे बघायचं की नाही, ते मग ठरव.

तुला न विचारता अजूनही स्वतःला तुझी म्हणवणारी,
धाकटी