खरडून काढलेली लेबलं

अहो,

तुमच्यासाठी तांब्यात काढलेलं ताक पिऊ नका. म्हशीलाबी पाजू नका, अन् धरणाच्या पाण्यात तर वतूच नका.

सकाळी तेच ताक पिऊन तुमच्या आईला उलट्या सुरू झाल्या, तोंडातनं लाळ गळाया लागली. त्यांना होडीनं पलीकडं दवाखान्यात नेतेय. तुमचा फोन लागंना.

चूक माझी हाय. आपल्या वस्तीला चहूकडनं पाणी, कचऱ्याची गाडी येत न्हाय. म्हणून आमी गटाच्या बायका प्लास्टिक गोळा करून भंगारवाल्याला धाडतो, ते तुमाला ठाऊकच हाय. पण फवारणीच्या औषधाचे कॅन तो घेत न्हाय. मग आमी त्यांची लेबलं खरडून, राखेनं घासून, ते तेलाच्या कॅनांत मिसळाया लागलो. त्या ढिगातलाच एक पांढरा, चांगला दिसला, तेलाचाच समजून म्या ताकाला आणला. आई म्हणल्या होत्या, "पोरी, मडकं हाय की घरात." म्या ऐकलं न्हाय.

डॉक्टर आधी औषधाचं नाव विचारतील. कॅन संगं घेतलाय, पण त्यावर एक अक्षर उरलं न्हाय. कुणाच्या रानातला, तेबी कळंना. घरोघर जाऊन यंदा कुणी काय फवारलं ते विचारा, अन् लगोलग या. लेबलं हुडकत बसू नका. आज चूल म्या त्यांच्यावरच पेटवली.

महेश्वरी