खोट्या खिडक्या

सोमवार
आले एकदाची! शहरातला सगळ्यात जुना बँकेचा मनोरा आणि त्यात आठवडाभर माझा मुक्काम. खाली संगमरवरी खांब, पितळी जाळीची लिफ्ट. अगदी वर उजव्या टोकाला माझी खोली. बांधणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्या करायचा भारी सोस. डावीकडे आतून लिफ्टची भिंत आली, खिडक्या काढता येईनात, तर पठ्ठ्याने गिलाव्यावर रंगवून घेतल्या! तो उडालेला रंग भरायला मला बोलावलंय. शनिवारी नवरा चिंगीला घेऊन न्यायला येईल. लेकीशिवाय इतके दिवस पहिल्यांदाच.

मंगळवार
परांचीवर चढून सगळ्यात वरची खोटी खिडकी पुसली. माझ्या खिडकीची जोडीदारीण ती. आत एक बाई रंगवलेली, चेहरा पार उडालेला. पहारेकरी म्हणाला, ताई, तिला चेहरा देऊ नका. इथे एका बाजूला केलं की दुसरीकडे आपोआप जुळतं. मी मान डोलावली. पण नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात. आरशात बघून माझाच चेहरा दिला, अंगात माझाच एप्रन. चिंगीला गंमत!

गुरुवार
खोलीची खिडकी उघडेना. रंगाने चिकटली असेल म्हणून फटीत खरवडायची पट्टी घातली, तर भुसभुशीत गिलावा निघाला. लाकूड नाही, काच नाही. ज्याला मी ऊन समजत होते तो पिवळा रंग होता. एका कोपऱ्यात तळहाताएवढी खरी काच उरली आहे.
बाहेर पळावं म्हणून वळले.
दारही रंगवलेलं. कडी, कडीची सावली, सगळं. कुणाचा हात आहे, फार सफाईचा.

शुक्रवार
फोन लागत नाही. भिंतीवर लाथा मारल्या, ओरडून घसा बसला. काचेतून पहारेकरी दिसला. त्याने वर पाहिलं आणि मान खाली घातली. मला भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.
डाव्या हाताची बोटं वळत नाहीत. रंगाचा वास येतो त्यांना —

शनिवार
आले! चिंगी खाली —
मोठ्या दारातून एक बाई बाहेर पडली. माझा एप्रन, मी रंगवलेला चेहरा. चिंगी धावत जाऊन बिलगली तिला. नवऱ्याने तिची पिशवी घेतली. चिंगे, अगं ती मी नाही —
चिंगीने वर पाहिलं. बोट दाखवतेय माझ्याकडे, हसतेय. आईचं चित्र दिसलं तिला.
हात हलवतेय. मीही हल —