बेचाळीस ठिकाणी ‘कुबात’

४ मार्च
कुरूतचा सातवा भाग आला. काय लिहिते ही बाई! टीव्हीवाल्यांनी नायकाला, कुबातला, नदीकाठच्या धुक्यात सोडून मालिका गुंडाळली. आम्ही दोघी मात्र त्याला सोडत नाही. चाहत्यांच्या साइटवर एक भाग माझा, एक तिचा. ती तिकडे डोंगरात नारीनला, मी राजधानीत बिश्केकला. भेट नाही, फोन नाही, नुसतं लिहिणं. टोपणनाव घेतलंय कुरूत — वाळवलेल्या दह्याची खारट गोळी. शोभतं! मला ‘एजे’ म्हणते. दोनच वर्षांनी मोठी आहे मी, लगेच ताई!

एकच खोड. कुबातचं नाव घेतच नाही. कुठे ‘उंच टोपीवाले’, कुठे ‘घोड्याशी बोलणारे’. वाचणाऱ्याने काय समजायचं? मी पडले शाळेची पुस्तकं तपासणारी. हात शिवशिवतात.

६ मार्च
बेचाळीस ठिकाणी ‘कुबात’ घातलं आणि तिच्या नावाने भाग साइटवर टाकला. कसा स्वच्छ दिसतोय!

१५ मार्च
नऊ दिवस. एक अक्षर नाही.

१६ मार्च
आईला सांगितलं. पीठ मळता मळता थांबली. "अगं, सासऱ्यांचं नाव असेल ते! सुनेनं घ्यायचं नसतं. एवढी शिकलीस, आणि हे नाही कळलं?"

मी चाट! आईचे सासरे, आमचे आजोबा, तेमिर, म्हणजे लोखंड. म्हणून आई अजून लोखंडी कढईला ‘काळ्या-कडकाची’ म्हणते. मला वाटायचं, गंमत करते.

१८ मार्च
उत्तर आलं. "चिडले नाही, एजे. पण दिराने भाग सासऱ्यांना वाचून दाखवला. माझ्या भागात त्यांचं नाव, तेही बेचाळीसदा! आता लिहिणं बंद म्हणतात."

माझ्यामुळे. मेलं ते माझं तपासणं!

१९ मार्च
तिचे शब्द होते तसे परत घातले. माफी मागितली. मग सगळे भाग पुन्हा वाचले. बायकांना सांगितलं, हा शब्द तोंडातून काढायचा नाही — तर त्यांनी शंभर नवे काढले! चुलीपाशी, दूध काढताना. त्या बंदीचा राग येतो, येतोच. पण ह्या बायका! त्यांना कुणी लेखिका म्हटलं नाही. आणि मी त्यांच्यातलीच एक हाताशी असताना तिच्या चुका काढत बसले.

२ एप्रिल
"एजे, सासूबाई सासऱ्यांना म्हणाल्या, तो धुक्यातला परत येतो की नाही हे कळल्याशिवाय मी काही मरत नाही, लिहू दे पोरीला!" हसून हसून पुरेवाट.

पण शेवटी धुक्यात कुबातची बायको त्याला हाक मारते, हे आमचं ठरलेलं. नाव न घेता मारणार कशी? म्हटलं, तेवढी ओळ मी लिहिते.

"नको. ती ओळ माझी."

९ एप्रिल
आला भाग. ती काठावर उभी राहते आणि धुक्यात स्वतःचंच नाव ओरडते — "जिपारगुल! मी जिपारगुल! इकडे!" मालिकाभर त्या बाईला नाव नव्हतं, नुसती ‘कुबातची बायको’.

खाली लेखिका म्हणूनही कुरूत नाही. जिपारगुल.

सात महिने बरोबर लिहितोय आम्ही. मी तिला नाव विचारलंच नव्हतं.