गुलाबी पाणी कुठे जातं?

१४ सप्टेंबर, रविवार

बाबांनी लायसन्स परत केलं! शुक्रवारी स्वतः पोलीस ठाण्यात जाऊन. शेजारच्या मोतेगींची भिंत गाडीने खरवडली तेव्हाच शब्द दिला होता — "पंचाहत्तर लागलं की देऊन टाकीन." बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आता लाल गाडी विकायची. दोनच माणसं बसणारी, दिव्यांच्या पापण्या उघडमीट करणारी, माझ्या शाळेच्या दिवसांपासून घरात लाडावलेली. दातांचे डॉक्टर कोगुरे घ्यायला टपलेलेच आहेत. तोवर चालवायची मी. म्हणून नोकरीच्या शहरातून, ताकासाकीहून, आले.

बॉनेट उघडलं. इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची टाकी बघून मी ऐटीत म्हणाले, "अर्धी भरलीय." बाबांनी नुसती गाडी हलवली. पाणी पार तळाशी डुचमळलं! मी पाहिला तो पिवळ्या पडलेल्या प्लॅस्टिकवरचा जुना डाग.

"डाग वाचतेस होय? आणि म्हणे चष्म्याच्या दुकानात नोकरी!"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून आई खो खो हसली.

इंजिन गार आहे ना, ते हात लावून पाहायचं. मगच झाकण. गुलाबी कूलंट वरच्या रेषेपर्यंत, थेंब जास्त नाही. साधं पाणी चालत नाही, इथल्या थंडीत गोठतं. मी मात्र दुकानातून हिरवं आणलेलं! पुन्हा बोलणी खाल्ली.

भरून झाल्यावर बाबा ताठ उभे राहिले आणि टाकीकडे बोट ताणून ओरडले, "पातळी, ठीक!" जन्मभर डोंगरातल्या लाइनवर आगगाडी चालवली. सिग्नल दिसला की बोट दाखवायचं आणि मोठ्याने सांगायचं, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. घरातून निघताना गॅसलासुद्धा बोट दाखवतात. मलाही ओरडायला लावलं. "जे दिसतं तेच ओरडायचं. मी आयुष्यात एकदाही खोटं ओरडलो नाही." हे वाक्य मला पाठ आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

पाणी पुन्हा खालच्या रेषेच्या खाली! गाडीखाली पुठ्ठा अंथरला होता — ठणठणीत कोरडा. मग गेलं कुठे?

आई म्हणाली, "माझी सवत पाणी पिते तरी किती!" ती गाडीला सवतच म्हणते. पहिल्यापासून.

बाबांनी नियम करून टाकला. पाणी कुठे जातं ते कळल्याशिवाय गाडी कोणाच्या गळ्यात मारायची नाही. एक आठवडा पातळी हलली नाही की डॉक्टरांना फोन. म्हणजे मी दर रविवारी हजर.

२४ सप्टेंबर

दुकानात गिऱ्हाइकाला चष्मा घातला आणि बोट दाखवून "चष्मा, ठीक!" असं ओरडले. बिचारी बाई दचकून खुर्चीवरून उठली.

५ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा कमी. गॅरेजवाले त्सुकुइसान घरी आले. एक नळी बदलली, दाब देऊन पाहिला, ऑइल पाहिलं, मागे धुराचा वास घेतला. "कुठेच गळत नाही हो. इंजिन आतल्या आत पीत असेल तर मात्र सगळं खोलावं लागेल." बाबांचा चेहरा पडला. माझाही.

पण मग घाटात गेलो. गाडीचा टप उघडा, वाऱ्याने बाबांची टोपी उडाली, मी परत जाऊन झुडपातून काढली. वर मिसोची चटणी लावलेला गरम कोन्न्याकू, कंदाची ती लिबलिबीत वडी, खाल्ली. बाबा शेजारी बसून प्रत्येक वळणाला बोट दाखवत होते — "वेग, जास्त!" मीही मुद्दाम जास्तच ठेवला!

एरवी मी फक्त नव्या वर्षाला आणि ओबोनला, पितरांच्या सणाला, घरी यायची. फोनवर बाबा दोन वाक्यं बोलून "आईला देतो" म्हणायचे. आता बॉनेटखाली तास जातो, नुसते भांडतो. मला ही गाडी जायला नको आहे. बोलायची सोय नाही, इथे लिहिते.

१९ ऑक्टोबर, रविवार

कमी!! डॉक्टर कोगुरेंचा फोन. त्यांनी दुसरी एक गाडी बघून ठेवलीय. "नऊ तारखेला दुपारी येतो. पाणी टिकलं तर गाडी नेतो, नाहीतर नाद सोडतो." बाबा म्हणाले, "कबूल."

२ नोव्हेंबर, रविवार

हसू आवरत नाहीये, लिहू कशी!

सकाळी पाणी कमीच होतं, भरलं. थंडी पडली म्हणून रॉकेलची शेगडी बाहेर काढली. आईने रॉकेल भरायला नवाकोरा हातपंप दिला. जुन्याचं काय झालं? मी कॅन आणायला मागच्या खोपट्यात गेले तर तो तिथेच, खिळ्याला टांगलेला. त्याच्या नळीत गुलाबी पाणी! खाली बाटलीतही गुलाबी पाणी, वर चिकटपट्टीवर आईच्या अक्षरात "विष. पिऊ नये."

आई मागे येऊन उभी होती.

"तू?"

"हळू बोल, ऐकतील ते."

"अगं पण का?"

"लायसन्स देऊन आले आणि टीव्हीसमोर बसले. बंद टीव्हीसमोर! दोन दिवस तसेच. मग तू आलीस. त्या दिवशी पाणी खरंच कमी होतं गं. तुम्ही दोघं बाहेर भांडत होतात, आणि जेवताना यांनी तीनदा भात मागितला."

"आणि पुढच्या रविवारी?"

"पुढचं सगळं मी."

"पण तुझी तर सवत ना ती?"

"मग? सवत गेली तर या माणसाला सांभाळणार कोण? मी एकटी?"

मी हसता हसता रडले. आईने पंप माझ्या हातातून घेतला आणि फडक्यात गुंडाळला. "आता पाणी नाही काढायची मी. डॉक्टरांना यांनी शब्द दिलाय." मग ती डोळे पुसत कांदे चिरायला गेली. कांद्यांचं निमित्त बरं सापडलं.

६ नोव्हेंबर

झोप नीट नाही. आई शब्दाची पक्की आहे. बाबाही. या घरात सगळेच मेले पक्के!

९ नोव्हेंबर, रविवार

इंजिन गार. पाणी बरोबर वरच्या रेषेवर, केसभरही हललेलं नाही. आई खिडकीत, हातात भाताचं पातेलं. मी बोट दाखवलं आणि ओरडले, "पातळी, कमी!"

बाबा वाकले. बराच वेळ बघत राहिले. नजर त्यांची चांगली आहे, चष्मा मीच करून दिलाय. मग खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ताठ उभे राहिले आणि टाकीकडे बोट ताणलं —

"पातळी, कमी!"