अर्धी प्रत

१५ डिसेंबर
चंदानं अडकवलं मला! मोबाईलवर नुसती लिंक पाठवली अन् खाली लिहिलं, "तुले वाचाची आवड होती ना व? घे मंग." चंदा माझी मावसबहीण, अकोल्यात राहते. तिला स्वतःला वाचायचा कंटाळा, पण दुसऱ्याला कामाला लावण्यात पटाईत.
ग्रुपचं नाव 'संथ वाचन'. चालवणारे कुलदीप सर इथल्याच कॉलेजात मराठी शिकवतात. रोज फक्त चार पानं. पुढचं वाचायचं नाही, वाचलं तर सांगायचं नाही, अन् पीडीएफ टाकायची नाही. "ज्यांना घाई आहे त्यांनी आताच बाहेर पडावं." — पहिल्याच मेसेजात दम!
मी बाहेरच पडणार होते. मग कादंबरी कोणती ते पाहिलं. नदीवरच्या नावाड्याच्या घराण्याची ती जुनी, जाडजूड कादंबरी. आमचीच. बाबांची.
कपाट उघडलं.

१६ डिसेंबर
ग्रुपवर सगळ्यांनी ओळख दिली. मी लिहिलं — माया, अमरावती, नांदगाव पेठेत कपड्याच्या कंपनीत चेकिंगला. सोबत पुस्तकाचा फोटो टाकला. मागचं कव्हर नाही, कारण मागचा भागच नाही. कुलदीप सरांनी विचारलं, "ताई, अर्धीच प्रत?" मी हो म्हटलं. का, ते ग्रुपला कशाला सांगू! इथं लिहिते.
बाबा मूर्तिजापूरला शकुंतला रेल्वेवर पॉइंट्समन, गाडीसाठी रूळ बदलायचे. ड्युटीवरून आले, जेवले, की कंदिलाजवळ हे पुस्तक घेऊन बसायचे. मी अन् दादा दोन्हीकडून. वाचता वाचता ज्याचा डोळा लागेल त्याचं अक्षर बाबा तिथं पेन्सिलीनं लिहीत. मी झोपले की 'मा', दादा झोपला की 'सु' — सुगतचा सु. पुस्तकभर आहेत अशी अक्षरं. मी झोपल्यावर पुढं काय झालं ते सकाळी शाळेच्या रस्त्यावर दादा सांगायचा. म्हणून मला ही गोष्ट निम्मी बाबांच्या तोंडून माहीत, निम्मी दादाच्या.
बाबा गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाच्या दिवशी अकोल्याला दादाच्या घरी आमचं भांडण झालं. पाहुण्यांसमोर! पुस्तक मी ओढलं, त्यानंही ओढलं. शिवण उसवली. पहिला भाग माझ्या हातात राहिला, दुसरा त्याच्या. मी तशीच निघून आले. चार वर्षं होतील एप्रिलात. नवीन प्रत दुकानात मिळते, मला माहीत आहे. मला ती नको.

१७ डिसेंबर
ग्रुपमधल्या एकाचा खाजगी मेसेज. "नमस्कार ताई. मी अकोल्याचा. माझ्याजवळ पूर्ण प्रत नाही. रोजच्या पानांचे फोटो पाठवाल का?"
नाव नाही. फोटोच्या जागी कसलंसं झाड. कोणी म्हातारे मास्तर असावेत. नंबर 'अकोल्याचे काका' म्हणून सेव्ह केला.
सकाळी कंपनीच्या बसच्या आधी पाठवत जाईन. एकदा आत गेलं की फोन लॉकरमध्ये, तो दुपारच्या सुट्टीशिवाय हातात येत नाही.

२४ डिसेंबर
काकांचं रोज एकच — "मिळालं." आधी तुसडे वाटले. आता ते आलं नाही तर चुकल्यासारखं होतं.

३ जानेवारी
चंदाचा फोन. मी दुपारचा डबा उघडून बसले होते.
"माया, सुगतदादाच्या दोन्ही किडन्या गेल्या व. हफ्त्यातून दोनदा डायलिसिस चालू हाये. तू काहून येत नाही पाहाले?"
"त्यानं बोलावलं का?"
"तो काय बोलावीन! तोंड हाये का त्याचं?"
"मग मी पण नाही येणार."
तिनं फोन आपटला. डबा तसाच परत आणला.
आज लिहूनच टाकते. बाबा गेले तेव्हा एप्रिल होता. सकाळी नऊ वाजता दादानं फोन केला. माझा फोन लॉकरमध्ये. पुन्हा केला, पुन्हा केला. जेवणाच्या सुट्टीत पाहते तर मिस्ड कॉलचा ढीग! तशीच बस धरली. अकोल्याला दादाच्या घरी पोचले तेव्हा माणसं परत येऊन अंगणात पाय धूत होती. झालं होतं सगळं.
दादा म्हणाला, "ऊन लय होतं. लोकं थांबत नव्हते. म्या तरी काय करू?"
काय करू म्हणजे? बर्फ मिळत नव्हता अकोल्यात? चार माणसांना 'माझी बहीण येऊन राहिली, थांबा' म्हणता येत नव्हतं? बाबांचं तोंड पाहिलं नाही मी. कुणाच्याही मयतीला गेले की मी आधी तोंड पाहते, अन् मला तेच आठवतं. नाही जाणार मी.

४ जानेवारी
पानं पाठवली. "मिळालं."

१८ जानेवारी
रविवार. तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. काकांचा मेसेज — चक्क दोन ओळी!
"पानांवर 'मा' अन् 'सु' लिहिलेलं दिसते. 'मा' फारच लवकर झोपत होती."
एकटीच हसले मोठ्यानं. श्रावण — माझे यजमान — बाहेरून विचारताहेत, "काय झालं व?" काकांना खुणांची गोष्ट लिहून पाठवली. बाबा, कंदील, मी, दादा, सगळं. त्यांनी विचारलं, "आणि सु?" मी लिहिलं, सु जागा राहायचा. त्याला शेवटपर्यंत माहीत असायचं.
उत्तर आलं. "दुसऱ्या भागात तोही झोपला असेल."

१ फेब्रुवारी
कादंबरीत पूर आला आहे. म्हातारा नावाडी ऐकत नाही, रोज नाव सोडतो. कुलदीप सरांनी विचारलं, हा माणूस हट्टी आहे की शहाणा? ग्रुपवर दिवसभर तेच चाललंय. मी लिहिलं, हट्टी. काकांनी ग्रुपवर कधी एक अक्षर लिहिलेलं नाही.

२ फेब्रुवारी
आज नको ते झालं.
काकांनी विचारलं, पहिला भाग या महिन्यात संपेल, पुढचा कुठं आहे? मी लिहिलं, भावाजवळ.
"मागून घ्या ना ताई."
"आम्ही बोलत नाही."
"त्याची चूक झाली असेल. त्यालाही वाटत असेल."
डोकंच फिरलं माझं! दिवसभर टेबलावर शर्टाच्या कॉलरी तपासून मान मोडलेली, त्यात परका माणूस मला शिकवतो! टाईप केलं — "वाटत असतं तर चार वर्षांत एक फोन केला असता. मेला तो माझ्यासाठी."
पाठवलं. निळी खूण आली. मग खूप वेळ 'लिहीत आहे' असं दिसत राहिलं. शेवटी आलं एवढंच — "बरं ताई."

३ फेब्रुवारी
पानं पाठवली. दुपारपर्यंत 'मिळालं' नाही. संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर आलं. बरं वाटलं. माफी मागावी म्हणून दोन शब्द लिहिले, अन् खोडले. परक्यासमोर काय उघडं पडायचं! पण तो शब्द मी लिहायला नको होता. आजारी माणसाबद्दल असं लिहू नये.

१५ फेब्रुवारी
श्रावण जेवताना म्हणाले, "जाऊन ये ना एकदा अकोल्याले. तुहं काय जाते?"
मी म्हटलं, तुम्ही मधे पडू नका.
"मी कायले पडतो? पण तू रोज सकाळी ते पुस्तक हाती घेतं अन् रडतं. मले दिसत नाही काय?"
मी रडत नाही. डोळ्यांत पाणी येतं ते पुस्तकाच्या धुळीनं.

२३ फेब्रुवारी
चंदा पुन्हा. या वेळी चिडली नाही, हळू बोलली. तेच वाईट वाटलं.
"दवाखान्यातून घरी आणलं व त्याले. डॉक्टर म्हणते, आता घरीच ठेवा. माया, मी तुले ये म्हणत नाही. फक्त सांगून राहिली."
रात्री बॅग काढली. दोन साड्या टाकल्या. परत काढून ठेवल्या. काय म्हणून जाऊ? दारात उभी राहून काय बोलू? त्यानं तोंड फिरवलं तर? अन् नाही फिरवलं तर? — तेच जास्त अवघड वाटतंय.

२५ फेब्रुवारी
भीती वाटतेय. खरं सांगायचं तर राग कुठं गेला ते समजत नाही. हात घालून शोधते, सापडत नाही. नुसती लाज आहे आता — आधी कुणी बोलायचं याची.

२७ फेब्रुवारी
संपला माझा भाग. पान तीनशे. शेवटची ओळ अर्धीच — "नावाड्यानं वल्हं उचललं, पलीकडच्या तीराकडं पाहिलं आणि". पुढं नाही. दोरा लोंबतोय फक्त. खाली कोपऱ्यात बाबांचं पेन्सिलीचं 'मा'. म्हणजे इथंही मी झोपलेच होते. आणि काय केलं त्यानं, ते दादानं मला सकाळी नक्की सांगितलं असणार. आठवत नाही.
सकाळी फोटो पाठवताना काकांना लिहिलं, एवढंच होतं माझ्याजवळ. पुढची पानं आणायला मी परवा रविवारी अकोल्याला जातेय, भावाकडे. आणली की तुम्हालाही पाठवीन.
लिहून टाकलं अन् एकदम हलकं वाटलं. हेच बरं. दारात उभी राहीन अन् म्हणेन, "दादा, पुढचा भाग दे. वाचून परत करते." तो देईल की. निमित्त पुस्तकाचं, मग बोलणं आपोआप होईल. श्रावणना सांगितलं. त्यांनी लगेच गाडीत हवा भरून आणली. संत्री पण आणली. मी म्हटलं, अहो, किडनीच्या माणसाला संत्री चालत नाहीत! तर म्हणाले, "पोरीले चालतीन ना." आचल, दादाची मुलगी. चार वर्षांपूर्वी आठवीत होती. आता ओळखू तरी येईल का?
काकांचं 'मिळालं' आज आलं नाही.

२८ फेब्रुवारी
सकाळी मोबाईल हातात घेतला. काकांचा मेसेज. माझ्या कालच्या पानाच्या खालीच.
"आत्या, मी आचल. हा नंबर माझा आहे. बाबा पहाटे गेले. तुमची पानं मीच त्यांना रोज वाचून दाखवत होते. 'मिळालं' ते सांगायचे, मी लिहायची. काल रात्री तुमचा मेसेज वाचून दाखवला. ऐकला त्यांनी. म्हणाले, कितीही ऊन होऊ दे, लोक काही म्हणू देत, माया आल्याशिवाय मला नेऊ नका. आम्ही थांबलो आहोत. या."
म्हणजे दोन तारखेचं ते 'मेला तो'सुद्धा तिनंच वाचून दाखवलं.
श्रावण गाडी काढताहेत. पहिला भाग पिशवीत घेतला आहे.