बर्फासाठी तंगूस

११ जाने., रवि.
निहारचा फोन. मार्चचं तिकीट काढलं म्हणे, माझं एकटीचं. सुधीरला थंडीचं नावही नको, त्यामुळे त्याला विचारलंच नाही. पोराला फिनलंडला जाऊन दोन वर्षं होत आली, पीएच.डी. अर्धी झाली. हॉस्टेलच्या मागे तळं, ते सगळं गोठलेलं. "आई, बर्फाला भोक पाडून गरवायचं. काठी, गळ, बसायला स्टूल, सगळं आहे. लाइन फक्त तू तुझी आण. लाइन इज पर्सनल, लाह." तिकडे जाऊनही इथलं लाह सुटलेलं नाही.
आनंद झाला. झालाच.
सकाळी उबीन बेटावर गरवायला गेले होते. गळाच्या भोकात तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, जाईना. दोनदा गेला असं वाटलं, बघते तर बाहेरून. शेवटी रोस्नाने ओवून दिला. ही माझी किनाऱ्यावरची मैत्रीण, रिटायर्ड शिक्षिका, काही न विचारता हातातून काढून घेते. माझ्या चष्म्याचा नंबर बदलला असणार.

१३ जाने., मंगळ.
दु. ऑफिसात, ऑडिटची फाइल वर, खाली दुसऱ्या विंडोत तंगूस. आपण इथे जाड वापरतो. खडक, शिंपले, दांडगे मासे. तिकडे उलटं. थंडीत मासा सुस्त, तोंडाशी आलेलं हुंगून सोडून देतो. म्हणून बारीक हवा, केसासारखा. साधा नायलॉन थंडीत ताठ होतो, रिळावरची वळणं सोडत नाही. विणलेला दोरा पाणी पितो आणि मग त्याचाच बर्फ. फ्लुरोकार्बन म्हणून जो मिळतो तो पाण्यात दिसत नाही, पण महाग आणि
बॉस आली.
कॉफी डाव्या हाताने प्यायले. कोणी बघितलं नाही.

१७ जाने., शनि.
सेरंगूनच्या मॉलमागे गळांचं दुकान आहे, तिथे गेले. अंकलला सांगितलं बर्फावर मासे धरायचेत. तो इतका हसला की आतून त्याची बायको बघायला आली. "आँटी, हिअर ओन्ली आइस काचांग!" आइस काचांग म्हणजे इथला बर्फाचा गोळा. त्याला बर्फातलं ओ की ठो माहीत नाही, मलाही नाही. तिन्ही प्रकार घेतले. बारीकात बारीक जे होते ते.

१८ जाने., रवि.
तिन्हींचे तुकडे पाण्यात भिजवून फ्रीझरमध्ये ठेवले, मटाराच्या पिशवीवर. सुधीर आइस्क्रीम काढायला गेला. "हे काय? माशांचं सामान? माझ्या आइस्क्रीमशेजारी?" दोरा आहे, मासा नाही, म्हटलं. "विचार तोच आहे ना!" जन्माचा शाकाहारी आणि पदरी मालवणची बायको.
निकाल: विणलेला उदबत्तीसारखा उभा राहिला. नायलॉन स्प्रिंग. फ्लुरोकार्बन त्यातल्या त्यात शहाणा. सुधीर पण बघत बसला होता, आइस्क्रीम वितळेपर्यंत.

२२ जाने., गुरु.
नि.ने सांगितलेला जाडीचा आकडा ०.१६ मिमी. फ्लुरोकार्बन त्याच मापाचा मागवला होता, आला. गाठ बसत नाही. पाच वेढे घ्यायचे, टोक मागे ओवायचं. मालवणात आठ-नऊ वर्षांची असताना मी होडीत उभी राहून ही गाठ मारत होते. आज टेबलावर, दिव्याखाली, नाही. अंगठा आणि तर्जनी आपापसात काहीतरी कुजबुजत असतात, मी थांबवलं तरी. टेबलावर हात टेकवला की जास्त.
कात्रीने तुकडे तुकडे केले. सुधीर, काय झालं? म्हटलं, क्वालिटी खराब.

१ फेब्रु., रवि.
उबीन. भरती चांगली, पण मन लागेना, सारखी जागा बदलत होते. रोस्ना बराच वेळ माझ्या काठीकडे बघत होती. मग हळूच, "विद्या, युअर लाइन ऑलरेडी डान्सिंग. नो फिश ऑल्सो." मी हसले. ती नाही हसली. तिच्या भावाचं असंच सुरू झालं होतं म्हणाली. त्याला जाऊन किती वर्षं झाली ते मी ऐकलंच नाही.
राग आला तिचा. परतीच्या बोटीत तिच्याकडे पाठ करून बसले. तिने चहाचा थर्मास पुढे केला तेव्हा अर्धाच कप भर म्हटलं, सांडू नये म्हणून. म्हणजे मी कबूलच केलं की.

४ फेब्रु., बुध.
पॉलिक्लिनिक. डॉक्टर पोरगी निहारएवढी. स्पेशालिस्टकडे पाठवते म्हणाली. तारीख मिळाली १० मार्च. मी ६ ला निघतेय. पुढची? एप्रिल.
घरी येईपर्यंत एकच हिशोब. एप्रिलमध्ये बर्फ राहत नाही. डॉक्टर राहतात.
तारीख पुढे ढकलली. सुधीरला सांगितलं नाही.

८ फेब्रु., रवि.
नि.चा व्हिडिओ कॉल. मी हात कॅमेऱ्याच्या खाली. म्हटलं ०.१६ फार बारीक वाटतो, जाड नाही का चालणार? "चालेल, बट देन नो बाइट हं आई. इथले मासे फार अटिट्यूड दाखवतात." मग म्हणाला मीच बांधून ठेवतो दहा-बारा गळ, तू आलीस की लगेच बसू. चांगलं होतं बोलणं. तरी मला झोंबलं. ह्याला गाठ मी शिकवली, सात वर्षांचा होता.
नको म्हटलं. माझं मी बघते.

१५ फेब्रु., रवि.
भांडण. फार मोठं नाही, पण पहिलंच असं.
सकाळी हात जरा शांत असतो, म्हणून सातला उठून डायनिंग टेबलावर गाठी मारत होते. मागे सुधीर उभा. कधीपासून ते माहीत नाही. "किती दिवस चष्म्यावर ढकलणार आहेस?"
काय ढकलतेय?
"दिवाळीत करंज्यांना मुरड घातली नाहीस तू. काट्याने दाबल्यास. तेव्हापासून बघतोय."
मग विचारलं का नाहीस?
"तू सांगशील म्हणून."
चार महिने दोघं एका घरात, एकमेकांवर पाळत ठेवून. मग तारखेचं निघालं. पुढे ढकलली म्हटल्यावर त्याचा आवाज चढला. तिकीट रद्द कर. मासे काय पळून जातायत? म्हटलं, हो, तेच करतायत. पुढच्या वर्षी माझी बोटं कशी असतील ते तू लिहून देतोस का? तो आत गेला, दार नाही आपटलं. आपटायला हवं होतं.

१८ फेब्रु., बुध.
चायनीज न्यू इयरची सुट्टी. सगळं बंद, खाली सिंहनाचाचे ढोल. सुधीर व्हिडिओ लावून गाठ शिकत बसला. मासळीच्या सामानाला हात न लावणारा माणूस. त्याची पहिलीच बसली, घट्ट, सरळ. "बघ. मी येतो बरोबर. मी बांधत जाईन, तू गरव."
मला रडू यायला हवं होतं. उलट त्याच्या हातातून काढून घेतली आणि म्हटलं, मला हमाल नकोय. संध्याकाळी दोघं चालायला गेलो तेव्हा माझा उजवा हात त्याने धरला. हात त्याच्या हातात थांबत नव्हता. सोडला नाही त्याने.

२६ फेब्रु., गुरु.
सुधीरच्या हट्टापायी खासगी स्पेशालिस्ट. बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, कागदावर गोल गोल काढायला. एक वाक्य लिहायला सांगितलं, शेवटी अक्षर मुंगीएवढं. घरी आल्यावर ही वहीसुद्धा मागे उलटून बघितली. जूनमधलं अक्षर मोठं आहे.
डॉक्टर आज आजाराला नाव देणार नाही म्हणाले. दोन शक्यता आहेत. एक नुसती कटकट, दुसरी आयुष्यभराची. स्कॅन करू, मग बोलू. सुधीरने विचारलं, आधी स्कॅन की आधी प्रवास? डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "गो. ॲन्ड कम बॅक."
निहारला कोण सांगणार ते ठरलं नाही. सुधीर म्हणतो, तूच सांग.

१ मार्च, रवि.
ठरलं. ०.२०. मासे कमी लागतील. ताठ होईल थोडा. पण माझी गाठ त्यात बसते, सकाळी दहापैकी सात वेळा, आणि ती माझी असते. सुधीरच्या बारीक गाठी नको, निहारच्या तयार गाठी नको.
सुधीर येत नाहीये. मीच नको म्हटलं. रुसला, मग माझ्या बॅगेत मेतकूट भरत बसला. निहारसाठी की माझ्यासाठी, कळत नाही.

११ मार्च, बुध. (फिनलंड)
उणे बारा. चारही दिशांना पांढरं, तळं कुठे संपतं कळत नाही. निहार दाढीवाला झालाय, आणि वाकून चालतो, बापासारखा.
त्याने भोक पाडलं, मी गळ सोडला. माझी गाठ. त्याचं भोक शेजारी, त्याला मासे लागत गेले, माझ्याकडे काही नाही. "आई, माझी लाइन लाव ना, डोन्ट बी स्टबर्न." नाही म्हटलं. चुळबुळ चालली होती माझी, आज सांगायचं की उद्या. विमानात वाक्य तयार केलं होतं, ते इथे आल्यावर बसेना कुठेच.
मग ओढ आली. छोटीशी, हिरव्या पट्ट्यांचा मासा, पंख लाल. गाठ टिकली. गळ काढायला हातमोजे काढावेच लागले. मासा बर्फावर, माझा हात त्याच्यावर, आणि थरथर. लपवायला जागा नाही.
"आई, हात किती कापतोय!"
सांगायचं ते ओठांवर आलं होतं. पण थंडी होती, त्याचाही कापत होता. तो म्हणाला, "थंडीनेच. थांब." माझा हात दोन्ही तळव्यात घेऊन चोळायला लागला, फुंकर घालत, मी त्याला लहानपणी घालायची तशी. "वॉर्म झाला की थांबेल."
हात गरम झाला, तरी बोटं चालूच. तो चोळायचा थांबला, पण सोडला नाही. माझ्या बोटांकडे बघत होता. मी पण.